सतरा पाचे

शैलेश काळबांडेला आपल्या मुलीचा मृत्यू आठवायला आता साधारण तेवढाच त्रास होत असे, जेवढा विजेचं बिल भरायला होतो. आलं, भरलं, विसरलं. यात रडण्यासारखं काय आहे हे त्याला समजत नसे, आणि समजत नाही याचंही त्याला फारसं काही वाटत नसे. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर ओठ आपलाच असतो, पण बोटाने दाबून पाहिला तरी दुसऱ्या कुणाचा वाटतो. शैलेश आतून अख्खा तसा झाला होता.

नभाला जाऊन वर्ष भरायला आलं तेव्हा त्याच्या बायकोने, प्रणिताने, जेवणाच्या ताटावरच विषय काढला. ती अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. दिवसभर दुसऱ्यांची दुखणी काढायची, म्हणून घरी ती मोजकंच बोले.

"मला पूजा नको, पंगत नको," ती म्हणाली. "त्या दिवशी तू ते कानामागचं काढून ठेवजो आणि माझ्याजवळ बसजो. एकदा रड माझ्यासोबत. एकटी रडून रडून थकली मी."

"बरं," शैलेश म्हणाला आणि भाजी वाढून घेतली.

"आणि नाही जमलं तर मी दादाकडे वर्ध्याला जाते. भांडून नाही जाऊन राहिली. पण या घरात मी एकटीच तिची आई आणि एकटीच तिचा बाप, हे मला नाही झेपत."

शैलेशने मान हलवली. हा इशारा आहे हे त्याला कळलं. बायको गेली तर वाईट होईल हेही त्याला कळलं. पेपरात उद्याचं तापमान वाचावं तसं ते त्याला कळलं.

कानामागचं म्हणजे 'निवांत'. डाळीएवढी चकती, केसाआड चिकटवायची, आंघोळीतही काढायची गरज नाही. ती त्याच्याकडे कशी आली हे सांगायचं तर आधी तो दिवस सांगावा लागतो.

शैलेश शहराच्या बिनचालकाच्या बसगाड्यांच्या नियंत्रण कक्षात काम करायचा. गाड्या आपल्या आपण चालत. एखादीला पुढचं काही उमजेनासं झालं, रस्त्यात वरात आली, गाय बसली, की कक्षातला माणूस ती हाताने चालवून बाहेर काढी. हे काम एकाग्रतेचं. त्यामुळे कामावर असताना खिशात फोन नाही, कानात सगळं आठवून देणारं यंत्र नाही, असा कडक नियम होता. निरोप द्यायचा तर कक्षाच्या टेबलावरचा जुना फोन वाजवायचा.

त्या दुपारी प्रणिताने तो वाजवला. दवाखान्यातली तिची पाळी लांबली होती. "येताना माझ्या थायरॉइडच्या गोळ्या आणजो. मिक्सर दुरुस्त होऊन पडला आहे, तो उचलजो. दादाला एक फोन करजो, तो कधीचा वाट पाहून राहिला. आणि ऐक, नभाचा पोहण्याचा क्लास आज लवकर सुटते. तिला तिथूनच घेऊन येजो."

"गोळ्या, मिक्सर, दादा, नभा," शैलेश म्हणाला. "झालं, ठेवलं लक्षात."

फोन खाली ठेवतो न ठेवतो तोच बडनेऱ्याच्या पुलावर एक गाडी अडली. तिचा क्रमांक, तिच्यामागे तुंबलेल्या गाडीचा क्रमांक, वळणाचा रस्ता, असं सगळं एका दमात त्याच्यावर आलं. त्याने गाडी सफाईने काढली. सुटी झाल्यावर तो बाजारात गेला. गोळ्या घेतल्या. मिक्सर घेतला, दुकानातच लावून पाहिला. वाटेत गाडी बाजूला घेऊन दादाशी दहा मिनिटं बोललाही. घरी येऊन मिक्सर ओट्यावर ठेवला आणि चहाला आधण ठेवलं.

नभा क्लासच्या फाटकाशी बराच वेळ थांबली. मग तिला वाटलं, आपण मोठे झालो आहोत, बाह्यवळण ओलांडलं की घर दिसतंच. ती नऊ वर्षांची होती. भरधाव गाडीतल्या माणसाने तिला पाहिलं, पण उशिरा.

नंतरचे काही महिने शैलेश जगला म्हणायचं ते केवळ श्वास चालू होता म्हणून. चहाचं आधण उकळतंय, फोन वाजतोय, आणि मग रस्त्यावर पडलेली निळ्या रंगाची पोहण्याची पिशवी. हे तेवढंच, पुन्हा पुन्हा, जेवताना, अंघोळ करताना, पडद्यासमोर बसल्यावर. कक्षातून त्याला रजेवर पाठवलं. प्रणिताने त्याला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि ते त्याला सर्वात जड गेलं.

मग कुणीतरी मानसशास्त्रज्ञ डॉ. सुनंदा मेश्राम यांचं नाव सुचवलं. राजापेठेत दवाखाना, साठीच्या बाई, स्वतःच चहा करून द्यायच्या.

"मॅडम, मला एकच सांगा," शैलेश त्यांना पहिल्याच दिवशी म्हणाला. "मिक्सर लक्षात राहते आणि पोरगी नाही राहत. असा कसा बाप असेल मी?"

बाईंनी समजूत घातली नाही. आतल्या स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.

"शैलेशभाऊ, आपली आयुष्यभराची आठवण म्हणजे कोठीची खोली. तिथे वाटेल तेवढं मावते. पण आत्ता, या क्षणी ज्याच्यावर काम चाललंय ते ठेवायला मनाला एक छोटासा ओटा आहे. आम्ही त्याला कार्यकारी स्मृती म्हणतो. त्या ओट्यावर एका वेळी जेमतेम चार भांडी राहतात. पाचवं ठेवायला गेलं की एक घसरते. कुठलं घसरावं हे प्रेमाच्या वजनावर ठरत नाही. ओट्याला वजन कळतच नाही, फक्त जागा कळते. तुम्ही नभाला विसरला नाहीत. पुलावरची गाडी ठेवायला जागा केली आणि शेवटचं ठेवलेलं भांडं गेलं."

शैलेश ढसाढसा रडला. त्याला तेव्हा रडता येत होतं.

मग बाईंनी उपाय सांगितला. तोही त्या ओट्याचाच होता. ओट्याचा एक कोपरा आवाजाचा असतो. आपण मनातल्या मनात एखादा क्रमांक घोकतो तो तिथे. घोकणं थांबलं की दोन-तीन श्वासांत तो विरतो. दुसरा कोपरा चित्रांचा. आणि दोन्हींवर लक्ष ठेवणारं मन असतं, त्याची ताकद बेताचीच. आता, कोठीतून एखादी आठवण ओट्यावर काढली की ती जशीच्या तशी परत जात नाही. ओट्यावर तिची जी अवस्था झाली त्या अवस्थेत जाते. जागा मोकळी असेल तर ती ऐसपैस पसरते, गडद होऊन परत जाते. पण त्याच वेळी मनाला दुसऱ्या एखाद्या किचकट कामाला जुंपलं, तर बिचारीला अंग चोरून उभं राहावं लागतं. परत जाते ती थोडी फिकी होऊन. पूर्वी हे दवाखान्यात बसून करत. 'निवांत'ने ते दिवसभर करायची सोय केली. ती विशिष्ट आठवण वर यायला लागली की चकतीला मेंदूतली तिची चाहूल लागते, ती हाडावर टिकटिक करते, आणि माणसाने ताबडतोब ठरलेलं काम मनात सुरू करायचं.

"परदेशात हजारातून सात-सात वजा करायला लावतात," बाई म्हणाल्या. "आपल्याकडे त्याहून सोपं आहे. एखादा अवघड पाढा उलटा म्हणा. पाठ असेल, पण उलटा म्हणायला डोकं लागेल, असा. येतो कुठला?"

"सतराचा," शैलेश क्षणाचाही विचार न करता म्हणाला.

बाईंनी चकतीत तशी नोंद केली. कुणाला काही खटकलं नाही. पाढा तो पाढा.

पहिल्या आठवड्यात टिकटिक थांबायचं नाव घेईना. एकशे सत्तर, एकशे त्रेपन्न, एकशे छत्तीस... शैलेश चालताना, जेवताना, दात घासताना सतराच्या पायऱ्या उतरत होता. मग आधण उकळल्याचा आवाज आधी गेला. फोनची घंटी कुठूनतरी लांबून वाजल्यासारखी झाली. पिशवीचा निळा रंग उडाला आणि शेवटी राहिली नुसती एक पिशवी. त्याला झोप लागू लागली. तो कामावर परतला.

कामावर तर त्याचं नाव झालं. एकदा बसच्या दारात एका शाळकरी मुलाचा पाय अडकला. पडद्यावर त्याचं रक्त दिसत होतं, आई ओरडत होती. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस पांढराफटक पडला. शैलेशने गाडी रोखली, दार उलटं फिरवलं, रुग्णवाहिका बोलावली, आणि मुलगा वाचला. साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. नंतर डबा खाताना त्याच्या लक्षात आलं, की मुलगा वाचला याचा आपल्याला आनंद झालेला नाही. वाचला नसता तर दुःखही झालं नसतं बहुधा. डब्यात वांग्याची भाजी होती, आणि ती बरी झाली होती.

प्रणिताने चकती लावायला साफ नकार दिला होता. "मला दुखते तोवर ती आहे," एवढंच ती म्हणाली होती. ती नभाचे कपडे काढून बसायची, मोबाईलवरच्या चित्रफिती पाहायची. शैलेशही कधी तिच्या खांद्यावरून बघायचा. नभा पडद्यावर नाचायची, जीभ काढायची. शाळेच्या स्नेहसंमेलनात दुसऱ्याची मुलं बघावीत तसा तो बघायचा. गोड होती मुलगी. मग उठून तो गॅलरीतले कपडे आत आणायचा.

आता वर्ष भरायच्या आधी त्याने चकती काढली. बायकोला शब्द दिला होता, आणि शब्द पाळायचा असतो हे त्याला ठाऊक होतं. दार लावून तो पलंगावर बसला आणि त्याने स्वतःहून ती आठवण बोलावली. आधण, फोन, पिशवी. सगळं हजर झालं, ओळीने उभं राहिलं. काहीच झालं नाही. मग त्याने नभाच्या जन्माचा दिवस बोलावला. तिचा ताप बोलावला, तिचा पहिला पडलेला दात बोलावला. ओळखीचे चेहरे आले आणि गेले. पहिल्यांदाच त्याला थोडीशी भीती वाटली. ती भीतीही लगेच ओसरली.

तो डॉ. मेश्रामांकडे गेला.

"काढल्याने फिकं झालेलं पुन्हा गडद नाही होत," बाई म्हणाल्या. "पण घाबरू नका. चकती फक्त त्या दिवसाची चाहूल धरते. तिच्या बाकीच्या आठवणींना तिने हात लावलेला नसतो. त्या थोड्या सुन्न झाल्या असतील, शेजारच्या म्हणून. पण एखादी तरी अगदी कोरी असेल. रोजची, साधी, तिच्या आवाजाची. ती शोधा. तिथून धागा सापडते."

"आवाजाची," शैलेश आठवू लागला. "संध्याकाळी आमची परवचा असायची. दिवे लागले की आम्ही दोघं बंगईवर बसायचो. माझ्या बाबांनी मला तसंच बसवलं होतं. एका ओळीला एक झोका. प्रणिता हसायची, आजकाल कानातलं यंत्र सगळं सांगते, कशाला पोरीला छळतो म्हणून. पण नभाला आवडायचं. बेपासून सुरू करून शेवटी..."

तो थांबला.

"शेवटी काय?" बाईंनी विचारलं.

"सतरा. तिचा सतरावर अडला होता. त्या महिन्यात सतराच चालू होता आमचा."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"माझी चूक झाली," त्या म्हणाल्या. "हजारातून सात वजा करणाऱ्याला त्या साताशी घेणंदेणं नसते. आपल्याकडे पाढा कुणीतरी मांडीवर बसवून शिकवलेला असते. तुम्ही कुणाजवळ बसून म्हणता, एवढं तरी मी विचारायला पाहिजे होतं. शैलेशभाऊ, ओट्यावर एका वेळी दोन गोष्टी होत्या. अपघात आणि पाढा. घासल्या दोन्ही गेल्या. तुम्ही सतरा म्हणायला लागलात की मागून तिचा आवाज उठत असेल. त्याला जागा मिळाली नाही. तो परत गेला. प्रत्येक वेळी थोडा अजून विरून."

"किती वेळा म्हटला असेल मी?"

"ते नका विचारू," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. शैलेशने टेबलावरची पाण्याची बाटली त्यांच्याकडे सरकवली.

वर्ष भरलं त्या दिवशी प्रणिताने सकाळी नभाच्या फोटोला मोगऱ्याचा हार घातला आणि पुरी-भाजी केली, कारण नभाला ती आवडायची. दोघं जेवले. दिवसभर ती त्याच्याकडे बघत होती आणि बघत नाही असं दाखवत होती. आतल्या खोलीत तिची बॅग भरलेली होती. दादा दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन येणार होता. त्याचा फोनही येऊन गेला. "पाह्य शैलेश, मी काही तुह्यावर रागावलो नाही," दादा म्हणाला होता. "पण माह्या बहिणीचं तोंड पाह्यवत नाही मले. थोडे दिवस राहू दे तिले." त्यावर शैलेश "हो" म्हणाला होता.

दिवे लागले. प्रणिता बंगईवर येऊन बसली. इतकी वर्षं या वेळी ती स्वयंपाकघरात असायची, पोळ्या लाटता लाटता कान इकडे लावून. शैलेश येऊन शेजारी बसला आणि त्याने डॉक्टर बाई काय म्हणाल्या ते जसंच्या तसं सांगितलं. सामानाची यादी वाचावी तसं.

प्रणिताने सगळं ऐकून घेतलं. मग पायाने बंगईला हलकासा रेटा दिला.

"मी म्हणते," ती म्हणाली. "तू नुसता ऐक. मी तुमचं रोज ऐकायची. ती कशी म्हणायची ते सगळं आहे माझ्याजवळ." आणि तिने आवाज बारीक केला, शेवटचं अक्षर जरा लांबवलं. "सतरा एके सतराऽ. सतरा दुणे चौतीसऽ. सतरा त्रिक एक्कावन्नऽ."

बंगईची कडी प्रत्येक झोक्याला कुरकुरत होती. शैलेश ऐकत होता. त्याला खरंच ऐकायचं होतं.

"सतरा चोक अडुसष्टऽ." इथे प्रणिता थांबली, मोठा श्वास घेतला, आणि एका दमात म्हणाली, "सतरा पाचे पंच्याहत्तर!"

"पंच्याऐंशी," शैलेश म्हणाला.

बंगई थांबली. प्रणिता त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय झालं ते त्याने पाहिलं, आणि मग त्याला आठवलं. नभा रोज तिथेच चुकायची. रोज श्वास घ्यायची आणि रोज पंच्याहत्तर म्हणायची. तो डोक्याला हात लावायचा, प्रणिता आतून लाटणं आपटून हसायची, आणि नभा मुद्दामच आणखी मोठ्याने तेच म्हणायची. शेवटी शेवटी तर तिला बरोबर उत्तर येत होतं. गंमत म्हणून ती चुकायची. हे सगळं त्याला आठवलं, महाराष्ट्रातल्या नद्यांची नावं आठवावीत तसं.

प्रणिताला हुंदका फुटला. तोंडावर पदर धरून ती वाकली आणि तिचे खांदे हलू लागले. अशा वेळी पाठीवर हात ठेवायचा असतो. शैलेशने ठेवला.

"तुला काहीच नाही झालं?" तिने खाली मान घालूनच विचारलं.

"नाही."

ती तशीच रडत राहिली आणि त्याचा हात तसाच राहिला. खाली रस्त्यावरून एक बस गेली, आत कुणीच नव्हतं. शैलेश मनाशी काहीतरी जुळवत होता. ओट्यावर जागा थोडी असते, बाई म्हणाल्या होत्या. पण तेच तेच पुन्हा पुन्हा घोकलं तर ते कोठीत जातं, हेही त्यांनीच कधीतरी सांगितलं होतं. पहिल्या वेळी नभाचा आवाज त्याला न घोकता मिळाला होता. आता घोकावा लागणार होता.

"प्रणिता," तो म्हणाला. "पुन्हा म्हण."

"कशाला?"

"तिच्यासारखंच म्हण. चुकीचं. मी पाठ करतो."

प्रणिताने पदराने डोळे पुसले आणि कितीतरी वेळ त्याचं तोंड निरखलं. तिथे अजूनही काही नव्हतं. पण तो मांडी घालून, हात मांडीवर ठेवून, शाळेतल्या पोरासारखा ताठ बसला होता. तिने पायाने बंगईला रेटा दिला.

"सतरा चोक अडुसष्टऽ," ती म्हणाली.

"सतरा चोक अडुसष्टऽ."

"श्वास घे. मोठा."

त्याने घेतला.

"सतरा पाचे पंच्याहत्तर."

"सतरा पाचे पंच्याऐं..." तो अडखळला.

"नाही," प्रणिता म्हणाली. "पहिल्यापासून."

आतल्या खोलीत बॅग भरलेली होती. शैलेशने पहिल्यापासून सुरुवात केली.